उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने सुरक्षितपणे नेताना

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस दिसू लागतात. पुढे जेमतेम दोन टन वजनाचा, ४५ ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर असतो आणि मागे उसासकट वीस टनांचा डोलारा असतो. एवढे ओझे हा ओढेल का, असे कोणत्याही चालकाला विचारले तर "ओढतोय की" असे उत्तर मिळते आणि ते खरेही असते, कारण खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर याहूनही जास्त ओढून दाखवतो. हंगामात घडणाऱ्या अपघातांचे मूळ मात्र ओढण्यात क्वचितच असते. ओढून आणलेले ओझे ऐनवेळी आवरता येत नाही, ही खरी अडचण आहे, आणि म्हणून ट्रॉली निवडण्यापासून ती कारखान्याच्या यार्डात सोडेपर्यंतचा प्रत्येक निर्णय आपण थांबू शकू का, या एका प्रश्नावर तपासून घ्यावा लागतो.

हिशोब सोपा आहे आणि तो एकदा स्वतः मांडून पाहण्यासारखा आहे. रिकामी चारचाकी ट्रॉली साधारण दोन टन आणि तिच्यात आठ टन ऊस धरला, तर दोन ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर मिळून २२ टन होतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. ब्रेक असतात ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना, आणि त्या दोन चाकांवर ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनापैकी सुमारे तेराशे किलोच पडलेले असते. चारचाकी ट्रॉली आपले ओझे आपल्याच चाकांवर पेलते, त्यामुळे तिचा भार ट्रॅक्टरची पकड वाढवायला उपयोगी पडत नाही. कोरड्या डांबरावर रबराची पकड चाकावरच्या वजनाच्या साठ-पासष्ट टक्के धरली, तर रोखण्याची सगळी ताकद आठशे किलोंच्या आसपास येते. ब्रेक नवे असोत वा जुने, त्याहून जोरात दाबले की चाक फिरायचे थांबते आणि घसरू लागते. या ताकदीवर आणि चाकांच्या नैसर्गिक अडथळ्यावर मिळून, सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरने निघालेली ही गाडी पाय ब्रेकवर पडल्यापासून जवळजवळ पन्नास मीटर पुढे जाऊन थांबते. ताशी १५ चा वेग असेल तर सतरा-अठरा मीटर पुरतात. वेग पावणेदोन पट झाला की अंतर तिप्पट होते, हे पोरवयाच्या चालकाला तोंडी सांगून पटत नाही. त्याला मोकळ्या रस्त्यावर पन्नास मीटर पावलांनी मोजून दाखवावेत.

आता हीच गाडी उतारावर आणा. वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट खाली जाणारा उतार डोळ्यांना फारसा जाणवतही नाही, परंतु २२ टनांना तो अकराशे किलोंचा धक्का देतो, म्हणजे ब्रेकच्या ताकदीपेक्षा अधिक. चाकांचा नैसर्गिक अडथळा धरून हिशोब कसाबसा बरोबरीला येतो, आणि त्यात पावसाचा शिंतोडा, रस्त्यावर सांडलेला पाला किंवा शेतातून आलेल्या चाकांचा चिखल मिसळला की तीही बरोबरी राहत नाही. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरच्या वाघबीळ घाटासारख्या उतारावर तर हा हिशोब करण्याचीही गरज नाही. अशा वाटेवर ब्रेक नसलेल्या दोन भरलेल्या ट्रॉल्या एकत्र नेऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एक ट्रॉली उताराच्या अलीकडे रस्ता सोडून उभी करावी, दुसरी पोहोचवून परत यावे. त्यात तासभर जातो आणि डिझेल जळते, हे मान्य. ट्रॉलीलाच ब्रेक बसवून घेता येतात आणि ज्याची रोजची वाट चढउताराची आहे त्याने तो खर्च टाळू नये, कारण ट्रॉलीच्या चाकांवर दहा टन वजन असते आणि थांबवण्याची खरी ताकद तिथेच पडून असते. मागच्या टायरांत पाणी भरल्याने किंवा चाकांना लोखंडी वजने लावल्याने पकड थोडी वाढते, पण २२ टनांपुढे ती भर किरकोळच ठरते.

पिन, हुक आणि साखळी

ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये सगळा भरवसा एका पिनेवर असतो. ही पिन हातात घेऊन दिवसाउजेडी एकदा नीट पाहावी. नवी पिन वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची असते. दोन हंगाम चाललेल्या पिनेला मधोमध, जिथे ट्रॉलीच्या दांडीची रिंग घासते तिथे, कंबर पडलेली असते. डोळ्यांना ती झीज कमी वाटते, म्हणून अंगठ्याचे नख वरून खाली फिरवावे. नख खळग्यात उतरून पुन्हा वर चढले की ती पिन भंगारात टाकावी. रिंगेचे भोकही झिजून लांबट होते, आणि पिन व रिंग दोन्ही झिजलेल्या असल्या की प्रत्येक खड्ड्यावर, प्रत्येक ब्रेकला खटका बसतो. हा खटका म्हणजे वीस टनांचा हातोडा आहे. दांडी जिथे ट्रॉलीच्या सांगाड्याला जोडलेली असते तिथली वेल्डिंग चिंधीने पुसून पाहावी. रंगावर केसासारखी बारीक तांबूस रेघ दिसली तर ती गंजाची नसून भेगेची खूण असण्याचीच शक्यता जास्त असते.

पिन घडीव पोलादाची, डोके वर राहील अशी आणि खालून क्लिप घालता येईल अशी असावी. बांधकामावरच्या सळईचा तुकडा, जुना बोल्ट, क्लिपच्या जागी तार किंवा उसाचा पाला ही सगळी जुगाडे मी पाहिली आहेत आणि त्यांतले एक मी स्वतः केलेले आहे. एका हंगामात रात्री पिन सापडेना म्हणून दुसऱ्या ट्रॉलीला बोल्ट घातला आणि त्याला तारेचा वेढा दिला. शेतातून रस्त्यावर चढणाऱ्या भरावावर पुढची ट्रॉली वर आली, मागची खालीच होती, दांडी तिरपी झाली आणि तार तुटून बोल्ट वर सरकला. भरलेली ट्रॉली मागे जाऊन चरीत कलंडली. मागे कोणी नव्हते, एवढेच नशीब. तेव्हापासून ट्रॅक्टरच्या पेटीत एक जादा पिन आणि दोन क्लिपा कायम असतात, आणि मधल्या जोडाला साखळी लावल्याशिवाय गाडी हलत नाही.

साखळीविषयी बरीच अनास्था दिसते. पिन निसटली तरी दांडी जमिनीत रुतू नये आणि ट्रॉली सुटून जाऊ नये यासाठी साखळी असते, म्हणून दांडीखालून दोन साखळ्या फुलीसारख्या एकमेकींना ओलांडून बांधाव्यात. त्यामुळे सुटलेली दांडी त्या झोळीत अडकते. वळणावर ताण येणार नाही इतकी ढील द्यावी, पण रस्त्यावर घासेल इतकी नको. ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली यांच्यामध्ये जशी साखळी हवी, तशीच दोन ट्रॉल्यांच्या मध्येही हवी.

ट्रॉली जोडायची ती ट्रॅक्टरच्या हुकालाच. रुतलेली ट्रॉली काढताना काही जण साखळी वर, लिंकेजला म्हणजे अवजारे उचलणाऱ्या दांड्यांना किंवा धुऱ्याला गुंडाळतात. ओढण्याची जागा मागच्या धुऱ्याच्या मध्याहून वर गेली की ओझे ट्रॅक्टरची पुढची चाके उचलू लागते, आणि एकदा पुढचा भाग वर निघाला की क्लच दाबायला सुचेपर्यंत ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटलेला असतो. दोनचाकी ट्रॉलीच्या बाबतीत हेच वेगळ्या रीतीने घडते. तिच्यात ऊस चाकांच्या मागे जास्त भरला तर दांडी वर उचलली जाऊन ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि पकड सुटते; फार पुढे भरला तर हुकावर ओझे येऊन पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. थोडा भार हुकावर यावा, पण स्टिअरिंग हलके वाटू लागले की तो जास्त झाला असे समजावे.

ट्रॅक्टर मागे घेऊन जोड करताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मध्ये कोणीही उभे राहू नये. इशारा देणाऱ्याने बाजूला, चालकाला दिसेल असे उभे राहावे; ट्रॅक्टर पूर्ण थांबून हँडब्रेक लागल्यावरच त्याने मध्ये जाऊन पिन घालावी.

भरताना

भरणी सहसा चालकाच्या हातात नसते. तोडणी टोळी भरते आणि चालक कोठेतरी डुलकी काढत असतो. तरीही ट्रॉली कोठे उभी करायची हे चालकच ठरवतो, आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. फडातली जमीन मऊ असते, ट्रॉलीचे एका बाजूचे चाक सरीत बसते आणि ट्रॉली चार बोटे कलते. भरणारा माणूस मोळ्या डोळ्यांना सरळ दिसतील अशा रचत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात वरचे थर दुसऱ्या बाजूला झुकलेले राहतात. शेतात गाडी सरळ दिसते. सपाट डांबरावर आली की ओझे एकीकडे कललेले दिसते, पण तोवर मोळ्या उतरवून पुन्हा रचायची कोणाचीच तयारी नसते. म्हणून भरण्यापूर्वी ट्रॉली समपातळीवर घ्यावी, आणि ते जमत नसेल तर बसलेल्या चाकाखाली फळी सारावी.

खालचे थर दाबून, दोन्ही बाजूंना सारखे भरावेत आणि उंचीचा मोह आवरावा, कारण वरच्या थरातली शेवटची प्रत्येक मोळी गाडी कलंडण्याचा धोका तळातल्या मोळीपेक्षा कितीतरी अधिक वाढवते. वाटेतल्या वीजतारांचाही विचार करावा. गावातल्या बोळातून लोंबणारी तार रात्री दिसत नाही. दोन ट्रॉल्यांत वजन कमीजास्त होणारच असेल तर जास्त वजनाची ट्रॉली पुढे आणि हलकी मागे जोडावी. मागची ट्रॉली जड असली की ती पुढच्या ट्रॉलीला शेपटीने हलवू लागते आणि सगळी गाडी सापासारखी वळवळते. सोल म्हणजे जाड दोर आवळून बांधल्यावर एखाद किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळावा, कारण पहिल्या हादऱ्यांत ऊस दबतो आणि दोर सैल पडतो.

आपण किती भरतो हे कळण्याचा उत्तम मार्ग म्हणजे कारखान्याच्या काट्याची पावती. तिच्यावर भरलेले वजन, रिकामे वजन आणि निव्वळ ऊस असे आकडे असतात. बहुतेक जण निव्वळ आकडाच वाचतात, कारण पैसे त्याचे मिळतात. चालकाने भरलेले वजन वाचावे आणि ते ट्रॉलीच्या नोंदणीत लिहिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ नुसार जादा भाराला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे, तर माल ठरलेल्या मर्यादेपलीकडे बाजूला, मागे किंवा वर निघालेला असला तरी २० हजार रुपयांचा दंड आहे.

उसावर, दांडीवर किंवा मडगार्डवर कोणालाही बसवू नये. टोळीतली बायकामुले दिवसभराच्या श्रमांनंतर भरलेल्या गाडीवर बसून कोपीकडे, म्हणजे आपल्या झोपडीकडे निघतात, तेव्हा नाही म्हणणे जिवावर येते हे खरे आहे. त्यांच्या ये-जा करण्याची वेगळी सोय करणे हे मुकादमाचे आणि गाडीमालकाचे काम आहे. चालकावर ते ढकलू नये.

रस्त्यावर

रस्त्याला लागण्यापूर्वी ब्रेकची दोन्ही पेडले एकमेकांना जोडणारी खिट्टी लावलेली आहे ना, हे पाहावे. शेतात जागेवर वळण्यासाठी ती काढलेली असते आणि तशीच राहून जाते. मागे वीस टन असताना एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा होतो आणि ट्रॉल्या त्याच्यावर चढतात. त्यानंतर टायरांची हवा, चाकांचे नट, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट आणि चारचाकी ट्रॉलीच्या पुढच्या फिरत्या धुऱ्याचे ग्रीस पाहायला पाच मिनिटे पुरतात.

गाडी खालच्या गिअरमध्ये, क्लच हळूहळू सोडत हलवावी. झटका दिला की तो थेट दोन्ही पिनांवर बसतो. भरलेल्या गाडीचा वेग सपाट रस्त्यावरही ताशी १५ ते २० च्या पुढे नेऊ नये. वळणावर ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून येत नाही, ती आतल्या बाजूने कापत येते, आणि दुसरी ट्रॉली त्याहूनही आत येते. अरुंद पुलाच्या तोंडाशी, कालव्याच्या भरावावर किंवा गावातल्या कोपऱ्यावर ट्रॅक्टर वळणाच्या बाहेरच्या अंगाला ठेवून उशिरा वळवावा आणि मागची ट्रॉली वळण पार करेपर्यंत नजर मागे ठेवावी. गाडी वळवळू लागली तर ब्रेक दाबू नये आणि वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर हळूहळू कमी केला की ती आपोआप सावरते.

उतार दिसला की तो सुरू होण्याआधीच गाडी जवळजवळ थांबवावी आणि ज्या गिअरने हा चढ चढलो असतो तोच, किंवा त्याहून खालचा गिअर टाकावा. उताराला लागल्यावर गिअर बदलण्याचा प्रयत्न करू नये, कारण क्लच दाबला त्या क्षणी इंजिनाचा आधार सुटतो आणि वाढलेल्या वेगात खालचा गिअर पडत नाही. डिझेल वाचावे म्हणून न्यूट्रल करून उतरणारे चालक आजही भेटतात. उताराच्या एका मोठ्या फेऱ्यात वाचवलेल्या डिझेलचे मोल कपभर चहाइतकेही भरत नाही. ब्रेक सतत चेपून धरू नयेत. थोडे दाबून वेग कमी करावा, पाय काढावा आणि ते निवू द्यावेत. इंजिनाचा रोधही शेवटी त्याच दोन मागच्या चाकांतून रस्त्यापर्यंत पोहोचतो, म्हणून चिखलाच्या किंवा ओल्या उतारावर गिअर खालचा असूनही चाके घसरू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

चढावर गाडी अडली तर घाबरून पुन्हा पुन्हा क्लच मारू नये. ब्रेक धरून ठेवावेत आणि मदतनिसाने बाजूने जाऊन मागच्या ट्रॉलीच्या चाकांमागे दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, मग पुढच्या ट्रॉलीच्या. दगड हाताने न सारता दांडक्याने सारावा, आणि गाडीच्या थेट मागे, दोन चाकांच्या रेषेत कधीही उभे राहू नये. दोन्ही ट्रॉल्या अडवल्यावर मागची सोडून पुढची वर नेणे, हाच सर्वांत सोपा उपाय असतो.

रात्रीचा खरा धोका मागून येणाऱ्याला असतो. दुचाकीस्वाराला अंधारात ट्रॉली दिसत नाही, कारण उसाचे शेंडे खाली लोंबून रिफ्लेक्टर झाकतात आणि जे उघडे असतात त्यांच्यावर चिखल बसलेला असतो. म्हणून एका फळीवर लाल रिफ्लेक्टर आणि दिवे बसवून ती फळी शेवटी, ऊस बांधून झाल्यावर, शेंड्यांच्या बाहेरून टांगावी आणि ओल्या फडक्याने पुसावी. मग वीस पावले मागे जाऊन मोबाईलच्या उजेडात पाहावे. नुसते लाल फडके रात्री काळेच दिसते. बंद पडलेली गाडी रस्त्यावर ठेवण्याची वेळ आली तर बरेच मागे, येणाऱ्याला लांबून दिसेल अशा ठिकाणी लखलखता दिवा किंवा त्रिकोण ठेवावा आणि माणूस उभा करावा. दगड मांडून ठेवले असतील तर निघताना तेही उचलावेत, कारण मागे राहिलेला दगडच पुढच्या दुचाकीला पाडतो.

ट्रॅक्टरवरच्या कर्ण्यांबद्दलही लिहिणे भाग आहे. झोप लागू नये म्हणून गाणी लावतात, हे कारण समजण्यासारखे आहे, पण त्या आवाजात मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकू येत नाही आणि पिनेचा बदललेला खटकाही ऐकू येत नाही. झोप येत असेल तर गाडी रस्त्याखाली घेऊन अर्धा तास झोपावे. नंबर तसाही यार्डात गेल्यावरच लागतो.

यार्डात रांगेत उभे राहताना चाकांना ठोकळे लावावेत आणि ट्रॉली सोडायची झाल्यास ठोकळे लावल्यावरच पिन काढावी. यार्डाची जमीन सपाट दिसली तरी पाणी जायला तिला उतार दिलेला असतो. पिन सहज निघत नसेल तर ट्रॉली रेटते किंवा ओढते आहे असे समजावे आणि हातोडा मारण्याऐवजी ट्रॅक्टर बोटभर पुढे-मागे घेऊन ताण कमी करावा.

ऊस उतरल्यावर परतीच्या वाटेवर चालक निर्धास्त होतो आणि वेग वाढवतो. रिकामी ट्रॉली खड्ड्यावर उसळते, आणि उसळणाऱ्या ट्रॉलीची पिन भरलेल्या ट्रॉलीच्या पिनेपेक्षा लवकर वर सरकते. तेव्हा काट्यावर रिकामे वजन झाले की पावती खिशात घालण्याआधी खाली उतरावे, दोन्ही जोडांच्या क्लिपा हाताने ओढून पाहाव्यात आणि साखळ्या पुन्हा अडकवाव्यात.